अवकाश आहे

१८ नोव्हेंबर

अजून डबाच काढतोय. बुटाचा पुठ्ठ्याचा डबा, वरून उजेड, एक बाजू काळी. पिंगळे सर म्हणतात, डबा जमला की पुढचं बोलू. जमत नाही. चित्रकलेच्या क्लासच्या खाली पिठाची गिरणी. दळण सुरू झालं की वरची टेबलं थरथरतात आणि रेघ पळते. तसं सरांना सांगितलं. म्हणे, "इंजिनिअर, गिरणी बंद असताना काढलेली सरळ आहे का? दाखव." सगळे हसले.

मला इंजिनिअर म्हणतात. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, हे पहिल्या दिवशी मीच फुशारकीने सांगितलेलं. आता भोगा.

क्लासमधली रेणुका हसली नाही. हसली असेलही, कान तापले होते, बघितलं नाही.

(यापुढे नुसतं रे. लिहायचं. आई टेबल आवरते.)

२१ नोव्हेंबर

पप्पांनी जेवताना विषय काढला. कॉलेजात चौकशी करून आले म्हणे. जानेवारीत परत घेतात, वीस तारखेपर्यंत. "तोवर ठरव. हो किंवा नाही. मधलं काही मला सांगू नकोस."

पप्पा ओझरला फॅक्टरीत टाइम ऑफिसला आहेत. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं. घरातही तेच.

आई म्हणाली, "काढू दे की चित्रं. कुणाशी भांडून तरी येत नाही हल्ली."

पप्पा म्हणाले, "चित्रांशी भांडतो. कालचा कागद बघितला मी, भोक पडलंय."

खरं काय ते इथं तरी लिहावं. दिवाळीच्या आधी मी गिरणीत दळण आणायला गेलो होतो. रे. जिन्याने वर चालली होती, खांद्याला कागदांची लांब नळी. मी डबा गिरणीवाल्याकडे तसाच टाकून मागोमाग वर. सरांनी विचारलं, काय पाहिजे. मी म्हणालो, शिकायचंय. बस. आईला सांगितलं लाइट गेली होती, पीठ उद्या मिळेल.

एवढ्यावर 'हो किंवा नाही' कसं सांगायचं?

२५ नोव्हेंबर

डोकं फिरलं आज. सगळं क्रमाने लिहितो.

कोळसा. म्हणजे चारकोल. मांडणी होती सुरई, द्राक्षाचा घड आणि एक कांदा. कांदा रे.ने आणलेला. ती रोज लासलगावहून एसटीने येते, वडील कांद्याचे व्यापारी. मागून कुणीतरी म्हणालं, "लासलगावचा का?" ती म्हणाली, "मग काय, कॉलेज रोडचा?" तिला हे बोलता येतं. मी तिच्या शेजारी होतो आणि एक शब्द सुचला नाही.

पण हात चालत होता. पहिल्यांदाच. सुरई मोठी घेतली, द्राक्षं चिकटून, कांदा पुढे, मागे पडद्याच्या चुण्या, खाली टेबलाच्या लाकडाच्या रेषा, सगळं. कागदावर नख ठेवायला जागा राहिली नाही. मला वाटलं, आज सर काहीतरी म्हणतील.

सर आले. लाल पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलं, "अवकाश?" आणि पुढे गेले.

आई म्हणते ना, जेवणाला अवकाश आहे अजून. म्हणजे तुला अजून वेळ आहे, बाळा. शिजला नाहीस. आणि वर प्रश्नचिन्ह, म्हणजे शिजशील की नाही तीही शंका. रे.च्या समोर.

कागद उभा फाडला. म्हणालो, "मला अवकाश आहे ते माहितीये मला. लिहून दाखवायची गरज नाही." सरांनी चहाचा कप खाली पण ठेवला नाही. जिना उतरताना पिठाच्या पोत्याला लाथ मारली, गिरणीवाला ओरडला ते वेगळंच.

२६ नोव्हेंबर

गेलो नाही.

२८ नोव्हेंबर

सीबीएसला, एसटी स्टँडवर उभा होतो. ती आली. मी म्हणालो, इकडून चाललो होतो, योगायोग.

"रोज संध्याकाळी लासलगावच्या फलाटावरच होतो का रे तुझा योगायोग?"

मग म्हणाली, कागद का फाडलास, चांगला होता. मी सांगितलं, सरांनी काय लिहिलं ते तू बघितलंस ना. तुला अजून वेळ आहे, असं तोंडावर...

ती बघतच राहिली. मग एवढी हसली की एक आजीबाई पिशवी घेऊन बाजूला सरकल्या.

"येड्या, अवकाश म्हणजे जागा. वस्तूंच्या मधली, रिकामी. त्यांनी विचारलं ती कुठंय. तू सगळा कागद कोंबलास. आमच्या कांदाचाळीत माल असा कोंबला ना, तर पंधरा दिवसांत सडतो. मधून हवा लागते त्याला."

"मग सरांनी तसं सांगायचं ना."

"कधी? तू फाडायच्या आधी का लाथ मारायच्या आधी?"

मग तिने सहज सांगितलं, जानेवारीत ती पुण्याला चालली. मावशीकडे राहून प्रवेश परीक्षेचा क्लास, मग तिकडेच कॉलेज, मिळालं तर. एसटी लागली. खिडकीतून म्हणाली, "उद्या ये. सर विचारत होते."

सर विचारत होते. तीही विचारत होती का, की फक्त सर?

२९ नोव्हेंबर

गेलो. "आलास? डबा काढ." एवढंच.

डबा काढला. गिरणी चालू होती.

५ डिसेंबर

जलरंग. हा प्रकार मला कळलेलाच नाही. पेन्सिल ऐकते तरी, पाणी ऐकत नाही. गोदाकाठ काढायचा होता. आभाळ मारलं, आणि ते ओलं असतानाच देवळाचा कळस वर ठेवला. कळस फुलकोबीसारखा फुगला आणि आभाळात चढला. पुसायला गेलो तर घाटही गेला.

सर म्हणाले, "सुकू द्यायचं असतं. घाई तुला होती, पाण्याला नव्हती."

रे. शेजारून म्हणाली, "आभाळ मस्त झालंय पण."

आभाळ मी केलंच नव्हतं. मी कळसाच्या मागे लागलो होतो, ते आपोआप झालं. मग हे कौतुक माझं की पाण्याचं? संध्याकाळभर हाच विचार. आईने दोनदा विचारलं, ताप आहे का.

१२ डिसेंबर

शाडू. आपलाच डावा हात समोर धरून उजव्याने करायचा. पहिल्यांदा बोटं गाजरांसारखी. सर म्हणाले, आधी तळवा कर, बोटं पळून जात नाहीत. तळवा केला. मग अंगठ्याच्या खालचा फुगवटा, तो दाबला की मागे मनगट हलतं. हे माझ्याच हाताचं मला माहीत नव्हतं.

मान वर केली तर समोरचं स्टूल रिकामं. रे. केव्हाच गेली होती. जाताना काहीतरी म्हणाली असेल. मला पत्ताच नाही.

म्हणजे इतका वेळ ती तिथं होती आणि मी बघितलंच नाही. आधी स्वतःवर चिडलो. मग वाटलं, चिडायचं कशाला, बरंच वाटत होतं. मग बरं वाटल्याबद्दल चिडलो. काय चाललंय काय.

१३ डिसेंबर

हाताला तडे गेले. दोन बोटं गळून खाली. ओलं फडकं टाकायचं राहिलं. सर म्हणाले, "फडकं कुणी टाकायचं होतं, तुझ्या आईने?"

तिसरं बोट मीच तोडलं. मग उगाच तोडलं असं वाटलं.

२३ डिसेंबर

लिनो. रबरासारखा तुकडा, त्यावर कोरायचं, शाई लावायची, कागदावर दाबायचं. विषय मोकळा होता. कुणी मोर केला, कुणी द्राक्षाचं पान. मी एकच शब्द कोरला. थांब. मोठा, जाड, शिरोरेघेसकट. का कोरला विचारू नये. अंगठ्याला कापलं तरी सोडला नाही.

छाप काढला तर सगळं उलटं. कोरताना उलटं कोरायचं असतं, तेव्हा छापात सुलटं येतं, हे सरांनी सकाळी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी कुठं बघत होतो ते लिहायला नको.

"कुठली लिपी ही, इंजिनिअर?" सरांनी कागद खिडकीशी धरला. "नाणेघाटात सापडली का?" सगळे वाचायचा प्रयत्न करत होते. कुणाला जमलं नाही. मी म्हटलं, वाचलो.

पण ठोकळा टेबलावरच होता. त्यावर सरळ वाचता येत होतं. रे.ने तो उचलला. वाचला. माझ्याकडे बघितलं.

हळूच म्हणाली, "हे मला सांगतोस का स्वतःला?"

मी म्हणालो, "कुणालाच नाही. असंच."

खोटं. पण खरं काय तेही माहीत नाही.

२४ डिसेंबर

मला की स्वतःला.
तिने थांबावं असं वाटतं, हे तर आहेच. पण ती जाणारच. थांबायचा प्रश्न तिला नाहीच, मला आहे. ती गेल्यावर मी त्या जिन्याने वर जाणार का? पप्पांनाही याचंच उत्तर पाहिजे. शब्द वेगळे.

३ जानेवारी

आज तिचा शेवटचा दिवस. जिन्यात गाठलं. खाली दळण चालू, दोघांच्या अंगावर पीठ. बरंच ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच आलं, "मला तू आवडतेस."

"माहितीये. गिरणीवाल्यालासुद्धा माहितीये."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं घरात भांडले तेव्हा मला पाठवतायत. आता मी लय काही बोलणार नाही." बाहीवरचं पीठ झटकलं. "तू माझ्यामागे वर आलास, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी गेल्यावर येतोस का, ते बघ ना आधी. मलापण बघायचंय."

हे हो आहे का नाही? मी विचारलं पण. ती म्हणाली, "तुझे पप्पा झालास का आता?"

उलटा छाप तिने मागून घेतला. "आरशात वाचीन," म्हणाली.

गेली.

८ जानेवारी

गेलो नाही. काल पण नाही, परवा पण नाही. पप्पांनी फॉर्म आणून फ्रिजवर ठेवलाय.

१२ जानेवारी

आईने दळणाचा डबा हातात दिला. गिरणीत डबा ठेवला आणि पाय आपोआप जिन्याकडे. तिसऱ्या पायरीवर थांबलो. वर कुणी नाही, मग कशाला. खाली आलो. परत गेलो. गिरणीवाला म्हणाला, "एक काय ते ठरव भाऊ, दार अडतंय."

वर गेलो. सर म्हणाले, "बस." जागा एकच होती, रे.च्या स्टुलासमोरची. मांडणी काही नव्हती. विचारलं, काय काढू. सर म्हणाले, "समोर आहे ते."

समोर स्टूल.

काढलं. लाकडी चार पाय, वाकडे. खोडलं. परत काढलं. स्टूलच होत होतं नुसतं.

१६ जानेवारी

चार दिवस तेच स्टूल. आज चिडून कोळसा आडवा धरला आणि स्टूल सोडून बाकीचं काळं करायला घेतलं. पायांच्या मधला तुकडा, बैठकीखालचा, आडव्या पट्टीच्या वरचा. कुठला तिरका, कुठला लांबट. हे आकार तिथं रोज होते. ते काढत गेलो आणि मधे कोरं राहिलं ते स्टूल झालं. मी त्याला हात लावला नव्हता.

त्यावर कुणी बसत नाही हे पण आलं त्यात. कसं आलं माहीत नाही.

सरांनी बराच वेळ बघितलं. लाल पेन्सिल काढली. कोपऱ्यात लिहिलं, "अवकाश आहे." प्रश्नचिन्ह नाही.

जिन्यात बसून राहिलो जरा. रे.ला फोटो पाठवला. तिचं आलं, "माझं स्टूल." मग थोड्या वेळाने, "आता तुझं." याचा अर्थ काय घ्यायचा?

२० जानेवारी

पप्पांनी सुट्टी काढली. फॉर्म, फोटो, पेन, सगळं टेबलावर. "बोल. हो का नाही?"

स्टुलाचं चित्र समोर ठेवलं. दुसरं दाखवण्यासारखं काही नाही माझ्याकडे. पप्पांनी चित्र बघितलंच नाही, कोपरा वाचला. चेहरा उतरला. नंतर जरा मऊ आवाजात म्हणाले, "बघ. तुझे सरच लिहितात, अवकाश आहे. म्हणजे अजून तुला वेळ आहे. बरेच दिवस जातील. मग तेवढ्यात डिग्री तरी कर की."

मला हसू फुटलं. आवरेना. पप्पा भडकले, "हसण्यासारखं काय आहे?" एरवी मीही भडकलो असतो. आई दारात आली होती, कोण आधी काय फेकतंय ते बघायला.

मी म्हणालो, पप्पा, अवकाश म्हणजे जागा. रिकामी जागा. ही. बोट ठेवून दाखवलं.

"रिकामं सोडलं म्हणून शाबासकी देतात?"

"सोडलं नाही. तेच काढलंय."

चष्मा लावला त्यांनी. कागद लांब धरला, जवळ धरला. "हे काळं ते... पायांच्या मधलं?" हो. "आणि हे?" पट्टीखालचं. मग म्हणाले, "बसायला कुणी नाही याच्यावर."



मग टाइम ऑफिस परत जागं झालं. फॉर्म घडी करून खिशात घातला. "तू सांगतोस ते खरं कशावरून? तू काहीही सांगतोस. सरांनाच विचारू, त्यांना कुठला अवकाश म्हणायचा होता. कागद घे. पेन पण घे."

पेन कशाला ते सांगितलं नाही.

खाली स्कूटर चालू आहे, हॉर्न देतायत. आई म्हणते, कोळशाचे हात धू आधी. धुतले नाहीत. खिडकीतून ओरडून विचारलं, सरांकडे वेळ गेला तर कॉलेजचं काय?

"फॉर्मची खिडकी पाचला बंद होते," पप्पा खालून म्हणाले. "अवकाश आहे. चल."