काठापलीकडची सूट

६ ऑक्टोबर

आले बाई एकदाची ओसाकाला! उवाजिमाहून निघताना आईने संत्र्यांची पेटी गळ्यात मारली होती, ती आज कंपनीत वाटून रिकामी केली. कंपनी म्हणजे तेन्मा बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या चिंचोळ्या इमारतीचा वरचा मजला. लिफ्ट नाही आणि जिना असा उभा, की शेजारच्या टेबलावरचा ओकिहारा म्हणाला, आमच्याकडे मुलाखत जिन्यातच होते, वर पोचला तो पास. हा ओकिहारा गोलमटोल, तोंडात सतत काहीतरी चघळणारा. पहिल्याच दिवशी मला ‘संत्रीबाई’ नाव ठेवून मोकळा झाला.

मालकीण कुनिएदाबाई. साठी उलटली तरी बिबट्याच्या ठिपक्यांचा सदरा घालून फिरतात. मी वाकून नमस्कार करायच्या आत त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, किती गं वाळलीस, तुमच्या गावात संत्र्यांशिवाय काही पिकत नाही वाटतं.

काम मोठं मजेचं आहे, व्हिडिओ गेम बनवायचं. आमच्या खेळाचे दोन भाग. एकात एकट्याने फळकुटांवरून उड्या मारत, दऱ्या ओलांडत जायचं. दुसऱ्यात तेच गडी घेऊन एकमेकांना हाणायचं आणि मंचाच्या काठावरून खाली लोटायचं. कोणत्या गड्याला किती बळ, कोणाच्या अंगी कोणती खोट, हा तोल मी राखायचा. ज्या खेळांपायी आईच्या शिव्या खाल्ल्या, त्यांचाच पगार मिळणार म्हणजे चंगळच!

११ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत ओकिहाराशी कडाक्याचं भांडण. त्याला लढाईचा भाग आवडतो, मला एकट्याचा.

माझं म्हणणं असं, की उड्यांचा खेळ प्रामाणिक असतो. दरीत पडलात तर चूक तुमची, दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडता येत नाहीत. खोट एवढीच, की एकाच दरीत पुन्हा पुन्हा पडून माणूस चिडतो आणि खेळ कायमचा बंद करून टाकतो. ओकिहारा म्हणाला, लढाईत आजी आणि नातू एकत्र बसतात, पडला तरी हसू येतं. मी म्हटलं, हो, आणि ज्याला काठ राखायची विद्या येते तो त्या आजीला वर चढूच देत नाही. यावर त्याने माझ्या उदोन शेवयांच्या वाडग्यातला तळलेला तोफू पळवला आणि म्हणाला, ही बघ, काठ न राखल्याची शिक्षा.

हसून पोट दुखलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी बरोबरीचं भेटलं.

२० ऑक्टोबर

दर सोमवारी इथे एक अजब प्रकार चालतो. सगळ्यांनी पडद्यापुढे उभं राहायचं. कुनिएदाबाई गड्याला पळवत काठापर्यंत नेतात, पाय फळकुटावरून सुटू देतात आणि मग उडीचं बटण दाबतात. पायाखाली हवा असताना गडी उडतो! मग सगळे एका सुरात म्हणतात, “ओओकिनी.” आभार, बरं का. ताकोयाकीवाल्याने पुडीत ऑक्टोपसचा एक गोळा जास्तीचा टाकला, की आपण म्हणतो तसं.

ही सूट मला ठाऊक होती, या धंद्यात सगळेच देतात. काठ सुटल्यावर पापणी लवायच्या आत बटण दाबलं, तर उडी चालवून घ्यायची. खेळणाऱ्याला कधी कळत नाही, त्याला वाटतं आपणच वेळेवर उडालो. पण त्यासाठी हात जोडायचे? मला हसू आवरेना. बाईंनी ते पाहिलं.

२९ ऑक्टोबर

खेळातले अव्वल लोक तक्रार करतात, की लढाईत हरलेला माणूस या सुटीमुळे वाचतो. बरोबरच आहे त्यांचं. चांगल्या हातांची मेहनत फुकट जाते. ही सूट म्हणजे खेळाचं खोटं बोलणं आहे. मी ती काढून टाकायचं ठरवलं, दोन्ही भागांतून.

बाई गुडघ्यांसाठी बेप्पूच्या गरम झऱ्यांवर गेल्या आहेत. बदलावर दोघांची मंजुरी लागते, म्हणून ओकिहाराला गाठलं. तो म्हणाला, आधी बाईंना विचारू गं, ती सूट म्हणजे त्यांचा जीव की प्राण आहे. मी म्हटलं, अजून मालकिणीचा पदर धरूनच चालतोस का रे? वर्मी लागलं. त्याने गुपचूप मंजुरी दिली.

४ नोव्हेंबर

बदल घरोघरी पोचला. अव्वल लोक खूश. माझं नाव घेऊन कौतुक चाललंय, खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं.

एका लहान मुलीचं पत्र आलं. लिहिलंय, खेळाने माझ्याशी कट्टी घेतली आहे का? ओकिहाराने ते दोनदा वाचलं आणि जेवायला खाली आला नाही.

९ नोव्हेंबर

आज जिन्यात पडले. लागलं फारसं नाही, पण विचित्र वाटलं.

माणूस घसरतो तेव्हा मध्ये एक क्षण असतो ना? अंग आपोआप सावरतं, हात कठड्याकडे धावतो. तो क्षण आलाच नाही. पाय सुटला आणि मी खाली होते. मधलं काही नव्हतंच. पदपथाच्या कडेशीही तसंच झालं, न्हाणीच्या उंबऱ्याशीही. आधी वाटलं, झोप कमी पडतेय.

१३ नोव्हेंबर

ओकिहारा जिन्यावरून पार खालपर्यंत गेला. मांडीचं हाड मोडलं.

इस्पितळात भेटले. माझ्या काळजाचं पाणी झालं होतं, तो मात्र थट्टा करत होता, की बघ संत्रीबाई, माझ्या अंगची खोट म्हणजे वजन. मग हळूच म्हणाला, तुलाही होतंय ना? हात पुढे करायलाच मिळत नाही ना? मी खोटं सांगितलं. नाही म्हटलं.

१४ नोव्हेंबर

ओकिहारा गेला.

हाड मोडून कोणी मरत नाही. परिचारिका सांगत होती, दुपारचं जेवण झालं, गप्पा मारता मारता त्यांचा डोळा लागला, बस. दोन्ही हात डोक्यावर ताठ होते. बोटं वाकलेली, कशाला तरी लोंबकळावं तशी. सोडवता येईनात.

मी त्याला टोमणा मारला नसता तर— देवा.

१५ नोव्हेंबर

कुनिएदाबाई परतल्या. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरून मला भिंतीलगत बसवलं, जिन्याच्या कडेपासून लांब.

म्हणाल्या, अगं वेडे, ती सूट आपली थोडीच आहे? आपल्याला कुठून तरी मिळते, म्हणून आपण पुढे देतो. माझ्या नवऱ्याने एकदा काढून पाहिली होती, तो झोपेतून उठलाच नाही. तेव्हापासून सोमवारी आभार मानते. जो पुढे देत नाही, त्याला मागून कोण देईल?

मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंत? त्या रडल्या. म्हणाल्या, तुला हसताना पाहिलं, वाटलं ही शिकलेली पोर मला खुळी म्हणेल.

लगेच सूट परत घातली. पण नवा बदल खेळाचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तपासून पास केल्याशिवाय लोकांच्या घरी पोचत नाही. तपासायला दिवस लागतात. बाई म्हणाल्या, तोवर झोपायचं नाही. अंगात शिल्लक होती ती सूट इतक्या रात्री पुरली, आता संपली. झोप लागताना आपण सगळेच पडतो. अंगाला झटका बसतो, आठव, खड्ड्यात पाय गेल्यासारखा. त्या झटक्याने आपण काठ धरतो.

ओकिहाराला तो झटका बसला नाही.

१६ नोव्हेंबर

बाई माझ्या खोलीवर मुक्कामाला आहेत. जमिनीवर बसून राहते. बिछाना गुंडाळून ठेवलाय. त्या लिमलेटच्या गोळ्या चारतात, चिमटे काढतात, शेजारणींची उणीदुणी सांगतात. आईचा फोन आला, संत्री पाठवू का म्हणाली. मला मरायचं नाही. हे एवढंच लिहायचं होतं. मला मरायचं नाही.

१७ नोव्हेंबर

बदल परत आला. कुठल्याशा सूचनेत एक शब्द चुकला म्हणे. दुरुस्त करून पुन्हा पाठवला. अक्षर बघ माझं— ओळ सोडून खाली उतरतंय.

भिंती झुकतात. चटईच्या कडेपलीकडे खोल वाटतं. नाही, चटईच आहे. हात लावून पाहिला.

१८ नोव्हेंबर

सकाळ. तपासणाऱ्यांनी काहीतरी विचारलंय, बाईंना ऑफिसात जावं लागलं. जाताना माझ्या थोबाडीत दिली आणि मग कुरवाळलं. म्हणाल्या, लिहीत राहा, हात चालू ठेव. म्हणून लिहितेय.

मान खाली गेली होती. किती वेळ— नाही, क्षणभरच. खाली काही नव्हतं. वाराही नाही. कोणीतरी अजून तिथे पडतंच आहे असं वाटलं. हाक ओळखीची होती. संत्री—

उभी राहिले. भिंतीला धरून. पुन्हा बसले, पाय धरत नाहीत.

दुपार. फोन! बाईंचा! पास झालं! संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचेल, म्हणाल्या. आणि निघालेच गं, ताकोयाकी घेऊन येते, एक जास्तीचा मागून घेते तुझ्यासाठी. दोघी फोनवर रडलो. ओओकिनी, ओओकिनी म्हणत राहिले मी वेड्यासारखी.

सुटले. खरंच सुटले. छातीवरचा धोंडा उतरला. गच्चीवर लोकांनी गाद्या वाळत टाकल्यात, काय लख्ख ऊन आहे, खोलीत पार आतपर्यंत आलंय. उबदार. इतक्या दिवसांनी अंग कसं सैल झालं. संध्याकाळ काय, आता आलीच.

पाठ जरा भिंतीला टेकते. डोळे उघडेच आहेत. लिहितेय ना, लिहितेय म्हणजे जागीच— बाईंची पावलं जिन्यावर वाजतायत बहुतेक— दार उघडंच ठेवलंय, बाई, या— मी इथेच— काठ कुठे— हात पुर