उचलून ठेवलेला पलंग

रॉटरडॅम,
५ मार्च १९५१

ती. आईस,
मायकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी घडीचा पलंग आला एकदाचा. पुढच्या, बैठकीच्या खोलीत लावलाय. सकाळी उचलून भिंतीला उभा करायचा, पडदा सोडायचा, की खोली मोकळी. रात्री तो तुला घेऊनच मिटेल, ही तुझी भीती टेउनला सांगितली. तर म्हणतो कसा, सासूबाईंना मिटवणारा पलंग अजून निघायचाय. जावयाला तूच लाडावून ठेवलंयस.

पण काळजी वेगळीच आहे. बेघरांना खोल्या वाटणाऱ्या कचेरीतला साहेब गुरुवारी घर बघायला येतोय. पुढची खोली तुझी आहे हे त्याला पटलं नाही, तर तिथे दुसरं कुटुंब येईल. मागच्या खोलीत पोरांसकट आम्हीच चौघं. मग तुला कुठे ठेवू?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
मायका


६ मार्च

चि. मायकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांच्या जागी मळेवाल्याचा नवा गडी महिनाअखेर येतोय. तोवर मला हे घर रिकामं करायचंय. काळजी करू नकोस म्हणते, पण हल्ली मीच कोंबड्यांशी बोलत बसते.

साहेब येईल तेव्हा पलंग उचललेला असू दे. सकाळी दहाला अंथरूण पसरलेलं दिसलं तर काय म्हणेल तो? काचा पूस. कॉफीबरोबर एकच बिस्कीट दे आणि डबा बंद कर, नाहीतर लाच वाटायची.

पोरांना पापे. लोभ धरतेस, तो वाढव.
आई


८ मार्च

ती. आईस, सा. न.

तुझं ऐकलं आणि घात झाला. साहेबाने खोलीभर नजर फिरवली. म्हणाला, छान, रिकामीच आहे की. पडद्यामागे आईचा पलंग आहे म्हटलं, तर विचारतो, आई आज झोपते कुठे? मी खरं ते सांगितलं, अजून गावीच. तो म्हणाला, म्हणजे हा पाहुण्यांचा पलंग.

बुधवारी दहाला तो एका जोडप्याला खोली दाखवायला आणणार आहे. बाई पोटुशी आहे, सध्या कुणाच्या तरी माळ्यावर राहतात. मी रडून घेतलं. आई, आता काय करू ते लिही. रागावू नकोस.
मायका


१० मार्च

चि. मायकास आशीर्वाद.

रडणं पुरे. मंगळवारच्या बोटीने मी येते, कायमची. कोंबड्या शेजारणीला दिल्या.

बाळंतपणं सोडली तर उजाडल्यावर मी कधी अंथरुणात राहिले नाही. तुझे बाबा गेले त्या सकाळीही उठून कॉफी ठेवली होती. पण बुधवारी पलंग खालीच राहू दे. दहा वाजता मी त्यावर पडलेली असेन, अंगात रात्रीचा झगा, केस सोडलेले. दार सताड उघड आणि साहेबाला आत आण. लाज वाटेल, वाटू दे.

तेवढी ती पोटुशी पोर आत आली की मला हळूच सांग. तिच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडेन.

भेटेपर्यंत जिवाला जप.
आई