शिक्क्यांचा डबा

प्रिय आई,

इथे डोंगरावर दहिवर गोठायला लागलंय. तुझे गुडघे काय म्हणतात? मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

या वाडीची बस चालू ठेवायची की बंद करायची, ते बघायला कचेरीने मला पाठवलंय. दहा घरं नांदती असली तर बस राहील. मी घरोघर फिरणारी सूचनांची वही मागवली. वाचून झालं की प्रत्येक घर आपल्या नावाचा शिक्का मारून ती शेजारी देतं, आपल्याकडच्यासारखंच. चौदा शिक्के बघून मी खुशीत अहवाल लिहून टाकला.

काल सहज वाडीत फिरले, तर दारोदार कोळिष्टकं. धूर फक्त फुसाए नावाच्या एका आजींच्या घरातून निघत होता.

“आत ये आणि दार लाव, थंडी घुसते!” आजी ओरडल्या. पुढ्यात नवी वही आणि बिस्किटांचा डबा. डब्यात सगळ्या वाडीचे शिक्के. “हा माझ्या धाकट्या जावेचा. ती तिरकाच मारायची.” त्यांनीही तो तिरकाच मारला.

“आजी, हे खोटं आहे.”

“मग कळव जा. दवाखान्यात चालत जाईन मी. अठ्ठ्याऐंशीचीच तर आहे!”

अहवाल मी बदललेला नाही.

आई, आपल्या गल्लीत तुझ्याकडे वही कोण आणून देतं गं? मागच्या खेपेला मी आले, तेव्हा तिच्यावरच्या सगळ्याच शिक्क्यांची शाई ओली होती.

लगेच लिही.

तुझी,
चिहारू