भरून टाकलेले ठिपके

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे आपल्या दोघींची थट्टाच आहे. मी सांगते आणि लिहून राहिली आहे तुझी पणती, माझी नात. तिचं मराठी हिंदीत भिजलेलं. चुका दिसल्या तर तिच्या समज, लाज मात्र सगळी माझी.

ही पोर कॉलेजात बोरॉन नावाच्या पदार्थाच्या नळ्यांवर काम करते. नळ्या इतक्या बारीक की दिसतच नाहीत. मी विचारलं, पाणी तरी येतं का त्यांतून? म्हणाली, "आजी, नळी टिकते की नाही, तेच तर पाहून राहिली मी." म्हटलं अच्छा, आमच्या गोरखपुरातल्या नळाचंही तेच आहे.

एका सकाळी तिनं एक मोठा छापील कागद दिवाणावर पसरला, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले आणि आंघोळीला गेली. दुपारी बाहेरून आलेल्या प्रोफेसरांना तो दाखवायचा होता. मी वाकून पाहते तर काय, ठिपक्यांची रांगोळी! ठिपके तिरप्या ओळींत, तीन-तीन जोडून तिकोन केलेले, आणि मधेमधे ठिपके राहून गेलेले. तू पाठीशी उभी राहून म्हणायचीस ना, "ठिपका सुटला बाई, डोळे कुठं आहेत तुझे?" मला राहवलं नाही. तिचं काळं स्केचपेन घेतलं, एकेक रिकामी जागा भरली, रेघाही जोडल्या. या वयात हात थरथरला नाही म्हणून वर मिरवलेसुद्धा, मनातल्या मनात.

पोर ओले केस घेऊन बाहेर आली आणि किंचाळली. "मम्मी! काहून हात लावला माझ्या पोस्टरला?" सून स्वयंपाकघरातून धावत आली, कोपरापर्यंत कणीक. तिनं कागद पाहिला, मग माझं शाईनं काळं झालेलं बोट पाहिलं. मी बोट पदराखाली घेतलं. सून म्हणाली, "माझ्याच हातून झालं गं. मला वाटलं, छापायचं राहिलं." मग पोर तिला जे बोलली ते मी बसून ऐकलं. "तुला काही समजतं का?" हे त्यातलं सगळ्यात मऊ.

आई, सुनेचे शब्द ऐकले आणि मला मझौलीचं आपलं अंगण दिसलं. दिवाळी आहे, मी अनारशाच्या वासानं अर्धी रांगोळी टाकून पळाले आहे, रेघांना रेघा मिळत नाहीत, आणि तुझी सासू दारात उभी राहून तोंडसुख घेते आहे. तू मान खाली घालून म्हणतेस, "माझ्याच हातून राहिलं." मी तुझ्या मागे, गाल अनारशानं फुगलेले. तू मला एका शब्दानं रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी रांगोळीचा डबा माझ्या हातात दिलास, बस.

पोरीनं पांढऱ्या कागदाच्या टिकल्या कापून माझे ठिपके झाकले आणि काम निभावलं. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून समजावलं: ते ठिपके म्हणजे बोरॉनचे कण, तिकोनात बसतात खरे, पण सगळ्याच जागा भरल्या तर त्यांचा पत्रा सपाट राहत नाही, वर-खाली दुमडतो. फारच जागा सोडल्या तरीही नीट बांधला जात नाही. नेमक्या जागा रिकाम्या ठेवल्या, प्रत्येकीभोवती सहा कण धरून, तरच तो पत्रा गुंडाळून केलेली नळी तग धरते. "आजी, तू तरी मम्मीला सांग ना, ती जागा चुकून नव्हती सुटली." मी म्हटलं, सांगते. तेव्हापासून पोर आईशी धड बोलत नाही, सून मुकाट पोळ्या लाटते, आणि मी दोघींच्या मधे बसून खाते.

आता पेन थांबलं आहे. पोर माझ्याकडे पाहून राहिली आहे. लिही बाई, म्हटलं, हेही लिही.

आणि पोरी, पाकीट आणू नको. हे कुठं धाडायचं नाही, उठून स्वयंपाकघरात तुझ्या मम्मीला वाचून दाखवायचं आहे. आई, खरं सांगू? सुनेसमोर माझं तोंड उघडेना, म्हणून तुझं नाव पुढं केलं. पुन्हा तुझ्याच मागे लपले.