सोड, आता मी

३ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची ताइझला! होदैदाहून निघाल्यापासून प्रत्येक नाक्यावर बॅग उपसून झाली, पण सामान शाबूत आहे. तिथलं आमचं इस्पितळ लढाईत बंद पडलं तेव्हा वाटलं, आता जन्मभर आईच्या चुलीशी बसून भाकऱ्या थापायच्या. इथे तर डॉक्टर अब्दुलजलील स्वतः दारात उभे! म्हणाले, डायलिसिसची नर्स मिळावी म्हणून किती दुआ मागितल्या, फक्त तुझं नाव इश्राक आहे एवढं ठाऊक नव्हतं. गोड बोलतात हं. खिडक्यांत वाळूची पोती रचलीयत, पण यंत्रं लख्ख. वॉर्डातल्या बायकांनी कॉफीच्या टरफलांचा गरम किश्र पाजला, भरपूर आलं घालून. मला इथे आवडणार.

५ नोव्हेंबर, सोमवार

डिझेल मिळत नाही, म्हणून रोग्यांना आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदाच यंत्रावर घेतात, तेही निम्मा वेळ. सगळ्यांची तोंडं सुजलेली. त्यात जनरेटर मध्येच मान टाकतो. मग यंत्राची दांडी हाताने फिरवायची, नळ्यांतलं रक्त अंगात परत जाईपर्यंत. थांबलं की रक्त गोठलंच. नातेवाईकही फिरवतात. दमलेल्याच्या हातावर दुसऱ्याने हात ठेवायचा आणि म्हणायचं, "सोड, आता मी." ते ऐकल्याशिवाय कुणी हात काढत नाही. ही रीत नूरियाने घातली म्हणे.

नूरिया, नूरिया, नूरिया! माझ्या आधीची नर्स. उन्हाळ्यात दांडी फिरवत असतानाच खिडकीतून तोफगोळ्याचा तुकडा आला आणि गेली बिचारी. वाईट झालं, मी काही दगड नाही. पण आज फारिआ खालाला एका फटक्यात सुई लावली, तर म्हातारी म्हणते, "छान हो पोरी. पण नूरियाची सुई कळायचीसुद्धा नाही." अगं, अख्खं होदैदा माझ्या हाताचं कौतुक करायचं! आणि इथे मी एका मेलेल्या बाईच्या हाताखाली उमेदवारी करायची?

८ नोव्हेंबर, गुरुवार

वीज गेली. मी हाज मुसइद नावाच्या रोग्याच्या यंत्राशी होते. कोपऱ्यात फारिआ खाला एकटीच; तिचा मुलगा आघाडीवर असतो. हाजच्या पुतण्याने माझ्या हातावर हात ठेवला, "सोड, आता मी" म्हणाला, तशी मी तिच्याकडे धावले.

तिची दांडी फिरत होती. एका लयीत, सावकाश. जवळ कुणीच नव्हतं.

खालाने एक डोळा उघडला. "धावतेस कशाला? नूरिया आहे ना."

कुणी दचकलं नाही, कुणी हसलं नाही. मी घाबरायला हवं होतं. खरं लिहिते, आधी रागच आला. मेल्यावरसुद्धा हिचीच पाळी!

१० नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांना विचारलं. मान खाली घालून म्हणाले, गोळा पडला तेव्हा ती खालाच्याच यंत्राशी होती. तिला कुणी "सोड" म्हणालंच नाही. ती कोसळली, पण दांडी थांबली नाही, आणि खाला वाचली. नूरिया फिरवत असताना दांडीला हात लावू नकोस, म्हणाले. तिच्यामुळेच आपण तगून आहोत.

तिच्यामुळे! मग मला काय शोभेला आणलंय?

१२ नोव्हेंबर, सोमवार

केलं मी. वीज गेली, दांडी फिरायला लागली आणि मी तिच्यावर हात ठेवला. हाताखाली हात होता. गार, ओलसर. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोड, आता मी."

सुटला. माझ्या मानेवर कुणीतरी लांब सुस्कारा टाकला, खूप दमलेल्या माणसासारखा. खाला रडायलाच लागली. "काय केलंस गं पोरी? काय करून बसलीस?"

करू दे रडारड. हाज मुसइद म्हणाला, इश्राकचा हात अगदी नूरियासारखा चालतो. ऐकलं ना, खाला!

१३ नोव्हेंबर, मंगळवार

हात थांबत नाही. वीज आली तरी मनगट फिरतंय. झोपेतही. घास तोंडापर्यंत जात नाही. हे डाव्या हाताने लिहितेय.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

वीज गेली — मी खालाच्या यंत्राशी — पोती फुटली — धूळ, नुसती धूळ —

खाला वाचली. रक्त सगळं परत गेलं. मी थांबले नाही.

सगळे रडतायत, माझं नाव घेऊन. किती छान रडतात. मी म्हणतेय, अहो, मी इथेच — कुणी बघत नाही —

तारीख ठाऊक नाही

नवी नर्स आलीय. सना शहरातली. खाला तिला म्हणाली, इश्राकची सुई कळायचीसुद्धा नाही.

हेच हवं होतं मला. मग गोड का नाही लागत —

ती जेवते. झोपते. तिचे हात थांबतात. जळते मी — बघवत नाही —

वीज गेली. आली धावत! हात पुढे केला तिने — ये गं, ये बाई — ठेव इथे, आणि म्हण —

थांबली.

हसून म्हणाली, "इश्राकताई आहेत ना इथे? मग मी दुसरीकडे बघते."

राग नाही, काही नाही. चालली —

अगं, हेवा कर ना माझा — जरासा तरी — अगं, मागे वळ —