जवसाच्या फुलाचा निळा

११ जानेवारी, रविवार

राखाडी! नवऱ्याला घर राखाडी हवंय! बारा वर्षं गोंदियात भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, तेव्हा कुठे बिरसीत हे पहिलं स्वतःचं घर उभं राहिलं, आणि त्याला बाहेरून राखाडी रंग! ओमेश मालाची गाडी चालवतो. कोहमाऱ्याच्या ढाब्यासमोर कोणाचा तरी बंगला दिसला, गाडी थांबवून फोटो काढून आणला. "आजकल सगळे हाच मारून राहिले." बकाराम पेंटरनेही लगेच मान डोलावली — "भैया की पसंद एकदम लेटेस्ट है."

मला कोणता हवा ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इथे लिहिते — निळा. फिका, जवसाच्या फुलाचा. मागच्या बांधीत, धानाच्या शेतात, सध्या जवस फुललाय. सकाळी उठून आधी तेच बघते, कारण दुपारपर्यंत फुलं गळून जातात. भिंतीवरची तरी गळणार नाहीत. पण बोलले तर ओमेश म्हणेल, दवाखाना वाटेल. मी आशा वर्कर, म्हणजे दवाखाना घरी आणला म्हणायला मोकळा!

१२ जानेवारी

आज बोलणार होते. नाही बोलले.

१४ जानेवारी, संक्रांत

सासूबाई आल्या. तिरोड्याजवळच्या गावाहून, मोठ्या दिरांकडून. धुरपताबाई, वय सत्तर, कंबर माझ्यापेक्षा ताठ!

बाहेरच्या भिंतीचा रंग सांगायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा, ही ह्यांच्याकडची रीत. साधी गोष्ट आहे — पोतायचं तिलाच असतं. दर दिवाळीला छुईची पांढरी माती कालवायची, त्यात चिमूटभर नीळ, आणि कापडाच्या बोळ्याने अख्खी भिंत पोतून काढायची. सासूबाईंनी पन्नास वर्षं हे केलंय. नवी नवरी म्हणून आले तेव्हा ती मातीची भिंत बघून मी चाट पडले होते. कुठे बोळ्याचा ओरखडा नाही! परवाच्या दिवाळीतही तशीच होती.

ओमेशने आल्या आल्या जाहीर करून टाकलं, "माय म्हणंल तो रंग." मनात म्हटलं, राखाडी गेला. आता पांढरा येणार.

१६ जानेवारी

बकारामने समोरच्या भिंतीवर तीन चौकोन रंगवून दाखवले — राखाडी, बदामी, पिस्ता. आम्ही लांबून बघतो. सासूबाई जवळ जाऊन प्रत्येकावर तळहात फिरवतात, नख लावतात, वास घेतात! "हा आतून वला हाय अजून. वल्या रंगाचा भरोसा नाही धरू." बकारामने हात लावून पाहिलं. खरंच ओला! मला हळूच म्हणतो, "मॅडम, अम्मा तो इंजिनियर है."

आत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. आल्यापासून अशाच चालतात. चौदा वर्षं झाली लग्नाला, इतक्या मायेने कधी ठेवला नव्हता हात. फार बरं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

काय बाई आहे ही! काय बाई आहे!

दुपारी ओसरीत रंगांचं कार्ड घेऊन बसलो. म्हणाल्या, "तू वाच. नुसता नाव नको सांगू, कसा हाय तेही सांग." चौदा रंग होते. हा कच्च्या पपईसारखा, हा शिळ्या भातासारखा, हा शाळेच्या गणवेशासारखा. वर बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पायलटचं विमान घिरट्या घालत होतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. नवव्याला मी म्हटलं, हा... जवसाच्या फुलासारखा. मग पुढचे पाच वाचले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि ओमेशला हाक मारली.

"नववा. जवसाचा."

"निळा? माय, दवाखाना वाटंल!"

"वाटू दे. बिमार मानूस तरी येईल घरी."

माझ्या पसंतीचा मी एक शब्द काढला नव्हता, आणि चौदातून बरोबर माझाच उचलला! पन्नास वर्षं भिंती पोतल्या की नजर अशी होत असेल. मी तर भक्तच झाले.

२० जानेवारी

रंगाचे डबे आले. ओमेश नसताना झाकण उघडून वास घेतला. मी!

२२ जानेवारी

समोरच्या भिंतीला आज नुसता पांढरा प्रायमर लागला. निळा उद्या लागणार होता. संध्याकाळच्या आत वाळला म्हणून सासूबाईंना अंगणात आणलं. भिंतीवर तळहात फिरवून चारचौघांत म्हणाल्या, "वा वो बाई! जवस फुलला अगदी!"

बकाराम हसला. ओमेशही हसला, आई थट्टा करते म्हणून. मी नाही हसले.

आत नेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर चार बोटं धरली. म्हणाल्या, "दोन." मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही बुबुळं पांढरट.

"केव्हापासून, आई?"

"दोन दिवाळ्या झाल्या. उजेड दिसते. मानूस दिसते, सावलीवानी. सांगतली असती तर मोठ्या पोराने मले पोतू नसता देल्ला. पोतासाठी डोळे कायले लागते?"

मोतीबिंदूच्या शिबिरासाठी गावातल्या सतरा जणांची नावं मी स्वतः लिहिलीत. दारोदार फिरून! आणि ह्या आठ दिवस माझा खांदा धरून चालत होत्या, तर मी त्याला नुसती माया समजत होते. लाज वाटते लिहिताना. अठरावं नाव लिहिलं.

२३ जानेवारी

सकाळी चहा देताना विचारलं — मग रंग कसा निवडला, आई?

"तेरा रंग तू वाचले. एकापाशी थांबली. आवाजच बदलला तुझा." फुंकर मारून घोट घेतला. "ओमेश माझा आयकते. तुझा नाही आयकत. मंग मीच बोलली."

बकारामला घरी पाठवलं. निळा रंग आईंच्या डोळ्याची पट्टी सुटल्यावरच लागेल, त्यांच्यासमोर. ओमेशला सांगितलं. विचारलं नाही.