आडी अठराला दार उघडे राहील

मी, व्यंकटरमण राव, कल्याणराम राव यांचा मुलगा, वय चौऱ्याहत्तर, राहणार तंजावूर, हे मृत्युपत्र शांत मनाने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदय दमले आहे असे डॉक्टर राममूर्ती म्हणतात. डोके दमले आहे असे अजून माझे विरोधकही म्हणत नाहीत.

नगरपालिकेच्या सभागृहात आयुष्यभर तमिळमध्ये भांडलो, घरात मराठीत. हे घरचे आहे म्हणून मराठीत. मुलगा गिरीश याला देवनागरी वाचता येत नाही. मुलगी भवानी हिने मोठ्याने वाचावे. त्याने मध्ये बोलू नये.

१. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी. वाटायला फार वेळ लागणार नाही.

२. पुस्तके वॉर्डातल्या वाचनालयाला. कुलूपबंद कपाटात ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. प्रचाराचा पत्र्याचा भोंगा भवानीच्या मुलीला, कीर्तनाला. ओरडण्याजोगे कारण तिला सापडेलच.

४. घर. ते अरुंद आणि लांब आहे. पुढे रस्ता, मागे परस. परसातून तंजावूरच्या भोसले राजांच्या काळचा पाट जातो आणि कालव्याचे पाणी मागच्या तळ्यात सोडतो. तळे भरले की वॉर्डातल्या विहिरींना पाणी येते. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, नव्या पाण्याच्या सणाला, गल्लीतल्या बाया हळदकुंकू आणि चित्रान्नाचा भात घेऊन आमच्या पुढच्या दाराने येतात, घरातल्या बोळातून परसात जातात, आणि घरातली बाई पाटाचे पाणी अडवणारी फळी उचलते. माझी पत्नी नागलक्ष्मी उचलत असे; ती गेल्यापासून भवानी उचलते.

माझी आई काही जातींच्या बायांना उंबऱ्याबाहेर थांबवीत असे. माझी पहिली लढाई नगरपालिकेत नव्हे, त्या उंबऱ्यावर झाली. आई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. पण त्या वर्षापासून सगळ्या आत येतात. देवाबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही, त्या दाराबद्दल येते.

आता एका बिल्डरला हे घर विकत घेऊन, पाट बुजवून तिथे दुकानांची इमारत उठवायची आहे. त्याच्या अभियंत्याने नकाशात तळे कोरडी जमीन म्हणून दाखवले आहे. त्या अभियंत्याला माझी छत्री द्यावी. इकडच्या कार्तिकातल्या पावसात तळ्यात उभे राहून त्याने नकाशा पुन्हा काढावा.

गिरीश मद्रासला संगणक कंपनीत आहे. तो म्हणाला, “अप्पा, आता पाणी पाइपानं येतं.”

मी विचारले, “उन्हाळ्यात पाइप आटतो तेव्हा तुझी आई कुठून आणायची?”

मुलगा वाईट नाही. त्याला मद्रासला स्वतःचे घर हवे आहे, आणि तसे वाटण्यात काही चूक नाही.

म्हणून घर गिरीशला. हवे तर त्याने विकावे. पुढचे दार, बोळ, परस, पाट आणि फळी भवानीला, तिच्यामागे कीर्तनाला. अशाने घराला भाव कमी येईल, हे मला कळते. कमी येऊ दे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. राजगोपाल यांनी करावी. हे वाचून पुष्कळांना हसू येईल. तीस वर्षे आम्ही समोरासमोरच्या बाकांवर बसलो. माझ्या प्रत्येक ठरावाखाली ते सही करीत आणि वर लिहीत, ‘आक्षेप आहे’. एकदा भर सभेत म्हणाले, “राव, त्या तळ्यात डासांशिवाय तुमचा मतदार कोण?” मी म्हणालो, “डास दर वर्षी येतात. तुम्ही पाच वर्षांनी.” पण ठेकेदाराच्या घरचा चहासुद्धा न प्यालेला दुसरा माणूस मी त्या सभागृहात पाहिला नाही. माझे मित्र गिरीशला समजून घेतील. राजगोपाल घेणार नाहीत.

काल त्यांना बोलावून सगळे तमिळमध्ये ऐकवले. म्हणाले, “राव, जिवंतपणी जमलं नाही ते मेल्यावर माझ्याकडून करून घेताय.” मग विचारले, फळी कोणत्या लाकडाची आहे. फणसाची, मी सांगितले. बदलायला झाली असेल, असे पुटपुटून ते परसात पाहायला गेले.

६. शोकसभा घेऊ नये. भाषणे मी पुरेशी केली आहेत.

वरील मजकूर माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

तंजावूर, ७ जुलै १९९७
(सही) व्यंकटरमण राव

साक्षीदार:
१. (सही) डॉ. राममूर्ती, शेजारी
२. (तमिळमध्ये सही) राजगोपाल, माजी नगरसेवक. मजकूर तमिळमध्ये ऐकला. आक्षेप नाही.